सावलीचं कापड

रजिता फोन करते तेव्हा तिकडं दुपारचा एक,
इथं साडेचार.
उन्हाला घड्याळ लागत नाही:
तिकडं बेचाळीस, इथं त्रेचाळीस.
"एका अंशानं जिंकलास नायना," म्हणून ती हसते
सेव्हिल नावाच्या गावातून,
जे मी शेजारच्या पोराच्या नकाशावहीत
बोटानं शोधून ठेवलं होतं.

ती दाखवते चर्च. त्याचा मनोरा.
मनोऱ्यावरून आधी बांग व्हायची, आता घंटा.
रस्त्याकडेला संत्र्यांची झाडं, आणि कुणी तोडत नाही.
(कडू असतात म्हणे. नाहीतर राहिली असती होय?)
मग एक वाटी, लालभडक, गार,
टोमॅटोचं सार, त्यात शिळा पाव वाटून घातलेला.
म्हणजे तिथंही शिळ्याचं सोनं करणारी माणसं आहेत.
मी कडक भाकरी फोनसमोर धरतो,
काडकन मोडतो, आवाज तिथवर जावा म्हणून.
चार दिवसांची आहे. शेंगाची चटणी, वर तेलाची धार.
ती गप्प होते.
तोंडाला सुटलेलं पाणी फोनवर दिसत नाही,
पण कळतं.

आणि मग ते कापड.
अख्ख्या गल्लीवर, या गच्चीपासून त्या गच्चीपर्यंत
ताणून बांधलेलं, पांढरं.
उन्हाळा लागला की बांधतात, म्हणाली.
थांब, म्हटलं, फोन वर धर. अजून वर.
वीण दिसू दे.
"नायना, लोक इथं चर्च बघाय येतात!"
वारा आल्यावर काठ फाटत नाही का?
सूत कितीचं? विणतं कोण?
तिला ठाऊक नव्हतं.
तिनं उलट मलाच विचारलं,
"तू काय बघितलास रे आपल्या गावात?"

त्रेसष्ट वर्षं.
किल्ल्याच्या भिंतीकडेनं सायकल मारली,
पहिली पाळी, दुसरी पाळी.
भिंत म्हणजे सावली,
सकाळी पश्चिमेला, संध्याकाळी पूर्वेला.
आत काय आहे, विचार नाही केला.

दुसऱ्या दिवशी डोक्याला ओला टॉवेल गुंडाळून
तिकीट काढलं.
खिडकीतला पोरगा म्हणाला, "एवढ्या उन्हात कुठं जाऊलालास मामा?"
गाव बघाय आलोय.
"कुठले तुमी?"
दत्तनगरचा.
तो हसला. मग मीपण.

दारावरचे खिळे मोजले, सवयच ती,
जकार्डच्या पुठ्ठ्याची भोकं मोजायची.
बावीसपर्यंत गेलो, पुढं ऊन नडलं.
आत पडके खांब, वाळलं गवत,
लिंबाखाली एक जोडी, मला बघून
उगीच पाण्याची बाटली शोधू लागली.
बुरजावर चढलो.
तळ्यात सिद्धेश्वराचं देऊळ,
पाण्यात ठेवलेला लोण्याचा गोळा जसा.
वितळत नाही एवढंच.
हे इतकं जवळ होतं, आणि मी
आयुष्यभर ते खालूनच बघितलं.

उतरल्यावर ताक. अजून एक ताक.
मग भजी. हो, त्रेचाळीसात भजी;
गाव बघाय आलेल्या माणसानं
लाजून कसं चालेल?

येताना मधला मारुती.
केळीवाल्यानं गाड्यावर चार चादरी बांधलेल्या,
मोर उलटे लटकलेले, चोचीत ऊन.
तिसरीपाशी पाय थांबले.
काठाजवळ एक धागा सुटलेला, बोटभर अंतरावर परत एक.
अकरा नंबरचा माग.
तो तिथंच उडी मारायचा, आणि मुकादम
माल 'सेकंड'च्या ढिगात फेकून
माझ्याकडं बघायचा.

"चादर कितीला?"
"ती नाय विकाय. केळी घ्या."
अर्धा डझन घेतली.

रजिताला फोन लावला, हात उंच केला.
"काय दाखवलालास नायना? निसतं छत दिसतंय."
वीण बघ, म्हटलं.
काठाला बघ.
तिकडं घंटा वाजायला लागली,
बराच वेळ वाजत राहिली.
तिच्याखाली उभा राहून
मी एक केळं सोललं.